उजव्या कोपऱ्यातली अंजना

"बाई, उद्यापासून मी प्रॅक्टिसला येणार न्हाई."

अंजना हे म्हणाली तेव्हा मी मैदानावर फक्कीनं रेषा आखत होते. मला वाटलं, पाय दुखावला असेल.

"पाय बरा हाय," ती म्हणाली. "कंपनीत लागले. वायंडिंगला, मोटारीच्या तारा गुंडाळायला. सोमवारपासून जायचंय."

"आणि कॉलेज?"

"आता कशाचं कॉलेज, बाई."

ती हसत होती. तिच्या घरात कंपनीत लागलेली ती पहिलीच. गावात, मोशीला, वडिलांनी पेढे वाटले म्हणाली. मी तिचं अभिनंदन केलं आणि उरलेली रेषा वाकडी मारली.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. चिंचवडला नुकतंच निघालेल्या एका कॉलेजात मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते. मुलींचा कबड्डी संघ माझ्याकडे होता. आंतरमहाविद्यालयीन सामने जवळ आले होते, आणि त्यानंतर चाकणची खुली स्पर्धा. प्राचार्यांनी आधीच बजावलं होतं. "पालकांच्या तक्रारी येतात. यंदा काही करून दाखवलं नाहीत, तर पुढच्या वर्षी मुलींचा संघ नाही." आणि नेमका माझा उजवा कोपरा गेला.

कोपरा म्हणजे काय ते सांगते. बचावाला सात जणी उभ्या असतात. दोन्ही टोकांच्या दोघी म्हणजे कोपरे. चढाई करणारी आली की तिचा पाय बहुतेक वेळा कोपऱ्याकडेच जातो. कोपऱ्यानं गुडघे वाकवून, चवड्यांवर भार ठेवून थांबायचं आणि पाय आला की घोटा धरायचा. अवघड आहे ते थांबणं. आधी झेप घेतली तर ती तुम्हाला शिवून जाते. उशीर केला तर पाय निघून जातो.

पण एकटा कोपरा कोणाला पकडू शकत नाही. डाव्या कोपऱ्यानं घोटा धरला, तर उजव्या कोपऱ्यानं त्याच क्षणी पाठीमागून येऊन मध्यरेषेकडचा रस्ता बंद करायचा. क्षणभर आधी आली तर चढाईवाली सावध होते. क्षणभर उशिरा आली तर ती डाव्या कोपऱ्याला ओढत रेषेपलीकडे नेते. हे शिट्टी मारून जमत नाही. समोरच्या टोकाला उभी असलेली दुसरी कधी झेपावणार हे आतून कळावं लागतं.

माझा डावा कोपरा होती मेहरून. पिंपरीला हायवेवर तिच्या अब्बांचं गॅरेज होतं. ती आणि अंजना दोन वर्षं समोरासमोरच्या टोकांना उभ्या होत्या. मैदानाबाहेर एका डब्यातून जेवायच्या, आणि भांडायच्याही भरपूर. मैदानात मात्र एकमेकींना हाक मारल्याचं मला आठवत नाही. गरजच पडायची नाही.

अंजनाच्या जागी मी मंगलला उभं केलं. मंगल चपळ होती, मेहनती होती. पण मेहरून घोटा धरायची आणि मान वळवून उजव्या टोकाकडे बघायची. तेवढ्यात पकड सुटायची.

"मेहरून, बघतेस कुठे?"

"कुठं नाही बाई."

संध्याकाळी कंपनीची बस आमच्या मैदानासमोरून जायची. अंजना खिडकीत बसलेली असायची, अंगावर निळा कोट. ती हात हलवायची. प्रॅक्टिस आपोआप थांबायची. मेहरून कंपाउंडपर्यंत जायची आणि बस दिसेनाशी झाली तरी तिथेच उभी राहायची. मी रागावायला हवं होतं. मी बुटाची नाडी बांधत बसायचे. मलाही ती बस बघायची असायची.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. परतताना गाडीत मेहरून म्हणाली, "बाई, अंजनाला रविवारी तरी बोलवू या का? नुसती प्रॅक्टिसला?"

"तिला कंपनीनं टीममध्ये घेतलंय," मी सांगितलं. मला ते आदल्या दिवशी कळलं होतं.

"कबड्डीच्या?"

"हो. उजवा कोपरा."

मेहरून खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी बचावच बदलला. बचावाच्या दोन तऱ्हा असतात. एक, माणूस धरायचा. म्हणजे चढाईवाली जाईल तिकडे सगळ्यांनी तिच्यामागे सरकायचं. याला एकमेकींची पक्की ओळख लागते. दुसरी, जागा धरायची. म्हणजे प्रत्येकीनं आपापला टापू राखायचा, शेजारणीचा हात सोडायचा नाही, आणि चढाईवाली आपल्या टापूत आली तरच हात घालायचा. ओळख कमी असली तरी ही तऱ्हा चालते. दिसायला कंटाळवाणी, पण गुण कमी जातात.

"मेहरून, आता समोर बघायचं नाही. शेजारणीचा हात धरून ठेवायचा. बस."

"म्हणजे मंगल मागून येणारच नाही?"

"येईल. पण तू तिची वाट बघायची नाहीस."

तिला ते आवडलं नाही. पण ती खेळली. हळूहळू संघ सावरला. मंगलनं दोनदा झकास पकडी केल्या आणि मेहरूननं तिच्या पाठीवर थाप मारली. मला जरा हायसं वाटलं.

चाकणला आम्ही एकेक सामना काढत अंतिम फेरीत गेलो. समोर अंजनाची कंपनी.

सामन्याच्या सकाळी मी मेहरूनला बाजूला घेतलं. "अंजना झेप कधी घेणार ते तुला कळतं. कशावरून कळतं?"

तिनं गुडघ्यावरची धूळ झटकली.

"आपल्या चढाईच्या मुलींना ते माहीत पाहिजे."

"बाई, ते असं सांगायचं असतं?"

"ती आज समोर आहे, मेहरून. तिनंही आपलं सगळं त्यांना सांगितलं असेल."

ती पायानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "झेप घ्यायच्या आधी ती दम रोखते. खांदे वर जातात तिचे. थोडेसेच."

दोन वर्षं मी अंजनाची कोच होते. मला ते कधी दिसलं नव्हतं.

मैदान बाजारापासून जवळच होतं. कांद्याच्या गोण्यांवर उभं राहून लोक बघत होते. प्राचार्यही आले होते, ते खुर्चीवर. अंजना नव्या जर्सीत उजव्या कोपऱ्यात उभी राहिली. मेहरूनकडे बघून हसली. मेहरूननं मान खाली घातली.

खांद्यांची खूण कामाला आली. आमच्या मुलींनी अंजनाला दोनदा शिवून बाद केलं. दुसऱ्यांदा बाहेर जाताना ती थबकली. आमच्या चढाईवालीकडे नाही, तिनं थेट मेहरूनकडे बघितलं. तिला कळलं होतं. मेहरून नखं कुरतडत होती.

उत्तरार्धात आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. मग त्यांची एक दांडगी मुलगी चढाईला आली आणि एका दमात आमच्या दोघींना घेऊन गेली. त्यानंतर आमची साखळी तुटली. एकेक करत सगळ्या बाद झाल्या. मैदानात उरली एकटी मेहरून. आम्ही एका गुणानं मागे होतो आणि वेळ संपत आली होती. कोणा एकीला शिवून परत आली तर बरोबरी. पकडली गेली तर सगळंच संपलं. पूर्ण संघ बाद झाला की लोण चढतो, त्याचे जादा गुण समोरच्यांना मिळतात.

मेहरूननं आयुष्यात कधी नीट चढाई केली नव्हती. कोपऱ्याची पोर ती. पण एकट्या उरलेलीला पर्याय नसतो.

ती मध्यरेषा ओलांडून गेली. "कबड्डी, कबड्डी..." इतर सगळ्यांना सोडून ती सरळ अंजनाच्या कोपऱ्याकडे सरकली. तिच्या ओळखीचं माणूस तेवढं एकच होतं तिथे.

अंजना गुडघे वाकवून थांबलेली. मेहरून तिच्या खांद्यांवर डोळे लावून.

अंजनाचे खांदे वर गेले. मेहरूनला वाटलं, आता ही झेपावणार. झेप चुकवून शिवायचं म्हणून तिनं पाय टाकला. पण अंजना झेपावलीच नाही. खांदे नुसते उचलले होते, मुद्दाम. ती जागेवरच होती. पाय समोर आला आणि तिनं घोटा धरला.

बाकीच्या सगळ्या धावून आल्या. धूळ उडाली. शिट्टी झाली. सामनाही संपला. त्यांच्या मुली उठून नाचायला लागल्या. खाली दोघीच राहिल्या, मेहरून पालथी आणि अंजना तिच्या पायाला मिठी मारून.

पंच म्हणाले, "अहो, सोडा आता."

"सोड की गं," मेहरून म्हणाली.

"न्हाई सोडत," अंजना म्हणाली. "खांद्याचं सांगितलंस ना त्यांना? आता न्हाई सोडत."

दोघी हसत होत्या की रडत होत्या ते धुळीत कळत नव्हतं. मी जवळ गेले. अंजनानं एक हात माझ्या पायाला लावला. दुसरा हात घोट्यावरच होता.

प्राचार्य जाताना माझ्याजवळ थांबले. मी संघ बंद झाल्याचं ऐकायची तयारी केली.

"राखीव मुली फार कमी आहेत तुमच्याकडे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी वाढवा."

त्यांच्यामागे कंपनीचे वेल्फेअर ऑफिसर उभे होते. त्यांनी वेळ घालवला नाही. "बाई, तुमचा डावा कोपरा आम्हाला द्या."

"तिची परीक्षा होऊ द्या."

"आम्ही थांबू."

ते खरंच थांबले. परीक्षा झाली आणि मेहरून कंपनीत लागली. तिचे अब्बा स्वतः मला सांगायला आले. "दोघी सहेल्या एकाच बसनं जातील, बाई. मला घोर नाही."

पुढच्या हिवाळ्यात औद्योगिक कामगारांच्या स्पर्धा झाल्या. माझं तिथे काही काम नव्हतं. तरी गेले. प्रेक्षकांत बसले. पहिल्याच चढाईला मेहरूननं डावीकडे घोटा धरला आणि ती मान वळवायच्या आत अंजना पाठीमागून आलेली होती. चढाईवालीला वळायलासुद्धा मिळालं नाही.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय जोडी आहे राव! कोणी शिकवलं असेल यांना?" मग माझ्याकडे वळून, "तुमचं कोणी आहे का यात?"

"नाही," मी म्हणाले. सामना संपायच्या आधी उठले, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या नव्या मुलींची निवड होती.

इतकी वर्षं ही नोकरी करून एवढं कळलं. खेळाडू तयार झाला की जातो, आणि कोपरा रिकामा ठेवून खेळता येत नाही. तिथे दुसऱ्या कोणाला तरी उभं करावं लागतं, आणि उभं केल्यावर जी गेली तिला शोधणं थांबवावं लागतं. यातलं पहिलं तेवढं मला जमलं.