जरा कान बाजूला करा, बाई!

जुन्या मैत्रिणी भेटल्या की कुणाच्या सुना निघतात, कुणाचे गुडघे निघतात. आम्ही टेलिफोनवाल्या भेटलो की शिव्या निघतात! म्हणजे आम्ही देत नाही हो. आम्ही ऐकलेल्या!

साठ सालच्या पुढेमागे मी अमरावतीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा घरबसल्या नंबर फिरवायची सोय नव्हती. तुम्ही फोन उचलला की आमच्या बोर्डावर खूण पडायची, आम्ही "नंबर प्लीज" म्हणायचं आणि कॉर्ड उचलून जोडून द्यायची. बाहेरगावचा ट्रंक कॉल असला तर आधी बुक करा आणि मग बसा वाट पाहत. वाट पाहणाऱ्या वऱ्हाडी माणसाच्या तोंडून काय काय बाहेर पडतं, ते आमच्या हेडफोनला ठाऊक! आता सगळ्यांचे नंबर विसरले, निम्म्यांची नावं विसरले. शिवी मात्र एकही विसरले नाही.

* * *

आमच्या सुपरवायझर भागवतबाई पुण्याहून बदलून आलेल्या. शिस्तीच्या, पण मनानं चांगल्या. पहिल्याच दिवशी आम्हा नव्या मुलींना त्यांनी बजावलं, "ग्राहकानं अपशब्द वापरला तर आपण उलट बोलायचं नाही. आपल्याला ऐकूच आलं नाही असं समजायचं. आणि दोघं एकमेकांना अपशब्द बोलत असतील, तर लाइन काढून घ्यायची!"

आठवडाभरात त्या स्वतःच बोर्डावर बसल्या होत्या. एका वकीलसाहेबांचा फोन जोडला आणि त्यांचाच आवाज आला, "काय बे, जेवला का बे?"

बाईंनी खटकन कॉर्ड उपसली. पुन्हा फोन आला, पुन्हा जोडला, पुन्हा "काहून बे, फोन काहून तोडला बे?" पुन्हा कॉर्ड बाहेर! तिसऱ्यांदा वकील बाईंवरच घसरले.

"अवो बाई, चाललं काय तुमचं? मी माह्या सख्ख्या भावाशी बोलून राहिलो!"

"सख्ख्या भावाशी असं बोलता? अरे-बे करून?"

"मंग! अहो-जाहो करून बोलाले तो काय माह्या अशील हाय?"

बाईंनी मुकाट्यानं लाइन जोडली. त्या दिवसापासून 'बे' हा शब्द आमच्या एक्सचेंजमध्ये कायदेशीर झाला!

* * *

शेंदूरजनाघाटच्या एका बागाईतदाराचे ट्रंक कॉल आमच्याकडून जायचे. बापूसाहेब म्हणायचे सगळे त्यांना. संत्र्याचा मोठा बगीचा, आवाज असा की टेलिफोनची गरजच नाही. पण रीत फार चांगली. बाईमाणसासमोर तोंडातून वावगा शब्द काढायचे नाहीत. लाइन लागली की आधी मला म्हणायचे, "जरा कान बाजूला करा, बाई! मले आता दलालाशी बोलायचं हाय."

मी म्हणायची, "केले, बापूसाहेब."

मग त्या कलकत्त्याच्या दलालाचा उद्धार सुरू. त्याच्या बापापासून आजोबांपर्यंत, तिथून त्याच्या रेल्वेच्या वॅगनपर्यंत, सडलेल्या पेट्यांपर्यंत. कान बाजूला काय करणार, हेडफोन तर डोक्यावर बसलेला! ठरलेली वेळ संपली, मी मध्ये पडून सांगितलं, की बापूसाहेब एकदम लोण्यासारखे मऊ.

"बाई, अजून एक टाइम वाढवून द्या जी. मुद्दा सांगायचा राहूनच गेला!"

एकदा माझ्याच्यानं राहवलं नाही. मी विचारलं, "बापूसाहेब, तो दलाल तर बंगाली. त्याला तुमच्या वऱ्हाडी शिव्या कळतात तरी का?"

"त्याले कायले समजाले पाह्यजे, बाई? मले बरं वाटते ना!"

* * *

लाइनमन सत्तारभाई खांबावर चढले की तिथूनच आम्हाला फोन लावून लाइन तपासायचे. तपासायची पद्धत म्हणजे, ज्या वाऱ्यानं तार तुटली त्या वाऱ्याला, ज्या माकडांनी ती ओढली त्या माकडांना कचकचीत शिव्या! त्या नीट ऐकू आल्या की लाइन ठीक.

भागवतबाईंनी फर्मान काढलं, "यापुढे फक्त एक, दोन, तीन म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी खांबावरून अगदी पडेल आवाज आला, "एक... दोन... तीन..."

मी म्हटलं, "सत्तारभाई, काहीच ऐकू येत नाही हो!"

"कैसे आयेगा बाई? गिनती में जोर कहाँ लगता है!"

* * *

याच काळात मला अमरावतीतलंच एक स्थळ आलं. पाहुणे बैठकीत बसलेले, मी पोहे घेऊन गेले. मुलाच्या आईनं मला समोर बसवलं आणि विचारलं, "काय काम करते वं तू तथी?"

मी गांगरले. पाठ केलेली सगळी उत्तरं पळून गेली आणि तोंडातून खरं तेच निघालं. "दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकते."

बाबांनी कपाळाला हात लावला. आईनं दाराआडून डोळे वटारले. मुलाच्या आईनं मात्र पुढं सरकून विचारलं,

"उलटून काही बोलत नाही का वं तू?"

"नाही. तशी परवानगी नाही."

त्या माउलीनं नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि पोह्यांची बशी हातात घेत म्हणाल्या, "मंग जमलं! आमच्या घरासाठीच घडवली हाय पोरगी!"

त्याच माझ्या सासूबाई. शब्दाला पक्क्या निघाल्या. लग्नानंतर शिव्यांत खंड पडला नाही आणि मायेतही नाही!

* * *

माझ्या शेजारच्या खुर्चीवर शांता वानखडे बसायची. तिच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. तिचे वडील एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम. आवारात कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, लागायच्या त्या त्यांच्या तोंडाच्या जोरावर. बैलसुद्धा त्यांच्या शिवीला मागे सरायचे, असं शांता सांगायची.

छप्पन साली त्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरी आले आणि उंबऱ्यातच बायकोला आणि पोरांना सांगितलं, "आजपासून या घरात वाईट शब्द नाही. पह्यला मी सोडला."

त्यानंतर ते बोलेचनात! सवयीनं तोंड उघडायचं, पुढचा शब्द ओठावर यायचा आणि तोंड पुन्हा मिटायचं. शांताची आई घाबरली. "अवो, दातं दुखून राहिले का तुमचे?"

"दातं बरे हायेत. शब्द शोधून राहिलो."

जिनिंगमध्ये त्यांची खरी परीक्षा होती. एका गाडीवानानं बंडी फाटकात आडवी घातली. मागे रांग तुंबली. सगळे मुकादमांकडे बघायला लागले. काहीजण हसतही होते, की आता बघा कसा शब्द मोडतो! मुकादमांनी मूठ आवळली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "दादा, कृपा करून तुमची गाडी जराशी मागे घेता का?"

गाडीवान खाली उतरला. डोक्याचा शेला काढून हातात घेतला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "मुकादम, माह्या हातून काही चुकलं का? असे परक्यावानी काहून बोलून राहिले?"

मुकादमांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, स्वतः बैलांची वेसण धरली आणि बंडी मागे घेऊन दिली. पुढं जिनिंग सोडेपर्यंत त्यांच्या तोंडून कुणी शिवी ऐकली नाही. हसणारेही हळूहळू त्यांना 'दादा' म्हणायला लागले.

* * *

त्या घरातली शांता. तिची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. एखादी तक्रार आली असती तर घरी बसावं लागलं असतं.

बाजारातला एक कापडवाला शेठ होता. त्याचा नागपूरचा ट्रंक लागत नव्हता. सकाळपासून फोन करून करून तो पेटला आणि दुपारी त्यानं शांताला अशी शिवी दिली की शेजारी बसून माझ्या अंगावर काटा आला. शांताचा चेहरा उतरला. हात कॉर्डवर तसाच राहिला. मग ती नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगता का?"

त्यानं पुन्हा दिली.

"लाइन खराब आहे. जरा मोठ्यानं बोला."

त्यानं ओरडून दिली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असणार, कारण मागची कुजबुज आम्हाला ऐकू आली आणि मग ती कुजबुजही थांबली.

"शेवटचा शब्द कळला नाही. सावकाश, एकेक अक्षर सांगा."

तिकडून फोन आपटला गेला.

तासाभरात शेठ स्वतः तक्रार घेऊन हजर! भागवतबाईंसमोर बसून म्हणाला, "तुमची ती मुलगी माझी थट्टा करते. तिला काढून टाका."

शांता उठून उभी राहिली. बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही नेमकं काय म्हणालात? म्हणजे तिला खरंच ऐकू आलं नाही की थट्टा केली, ते मला ठरवता येईल."

शेठनं खिशातून रुमाल काढला. "ते... तुमच्यासमोर कसं सांगू बाई?"

"का? तिच्यासमोर सांगितलंत ना? तिला एक कान आणि मला दुसरा, असं आहे का काही?"

शेठ पंख्याकडे बघायला लागला. मग उठला, टोपी नीट केली आणि दाराकडे निघाला. तेवढ्यात माझ्या बोर्डावर नागपूर आलं. मी शांताला खूण केली. ती म्हणाली, "शेठजी, तुमचा ट्रंक लागला. बूथमध्ये घ्या."

बिचारा बूथमध्ये शिरला. आमच्या सगळ्यांच्या नजरा काचेतून त्याच्यावर. इतका हळू बोलला की नागपूरवाला पलीकडून ओरडायला लागला, "अबे, मोठ्यानं बोल ना! मेला का?"

चार महिन्यांनी शांता पक्की झाली. वडिलांनी पेढे वाटले. तिनं घरी त्या शेठची गोष्ट सांगितली होती का, असं मी विचारलं. म्हणाली, "सांगितली. दादा म्हणाले, तुले तर शब्द शोधाचंही काम पडलं नाही!"

* * *

पासष्टची लढाई थांबली त्यानंतरची गोष्ट. कौंडण्यपूरकडच्या एका खेड्यातली म्हातारी गावच्या मास्तरांबरोबर एक्सचेंजमध्ये आली. तिचा मुलगा नामदेव फौजेत. जखमी होऊन पंजाबातल्या इस्पितळात पडलेला. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून पत्र दुसऱ्यानंच लिहून पाठवलेलं. म्हातारीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण मास्तरांनी "हे नामदेवचं अक्षर नाही" एवढं म्हटलं आणि तिनं धसकाच घेतला. पोरगा गेला, आणि आपल्याला कळू नये म्हणून कुणीतरी खोटं लिहितंय! तिनं अन्न सोडलं. शेवटी मास्तरांनी तिकडं कळवलं आणि तिथल्या एका कॅप्टनसाहेबांनी ट्रंक कॉलची व्यवस्था केली.

दुपारी लाइन लागली. मी म्हातारीला बूथमध्ये नेऊन रिसीव्हर कानाला कसा धरायचा ते दाखवलं आणि बोर्डावर परत आले. लाइनमध्ये खरखर होती, पण शब्द कळत होते.

"नमस्कार आई. मी खुशाल आहे. आपण काळजी करू नये."

म्हातारी रिसीव्हरकडे बघायला लागली.

"आई, आपण जेवत नाही असं समजलं. आपण जेवण करावं."

म्हातारीनं रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि बूथच्या दारातून मला म्हणाली, "बाई, हा माह्या नामा नाही. माह्या पोट्टा मले जलमात कधी 'आपण' म्हणला नाही. गेला माह्या नामा..." आणि पदर तोंडात कोंबून तिथंच खाली बसायला लागली. मास्तरांनी तिला धरलं.

ऑपरेटरनं दोघांच्या बोलण्यात पडायचं नाही, हा नियम. मी बोलले. "नामदेवभाऊ, आईला तुम्ही आहात हे पटत नाहीये. घरी बोलता तसं बोला ना!"

"कसं बोलू, बाई? अथी साहेब उभे हायेत बाजूले."

"साहेबांना मराठी येतं का?"

"नाही."

"मग?"

मी शेजारच्या बूथच्या काचेवर टकटक केली. मास्तरांनी रिसीव्हर म्हातारीच्या कानाला लावला. आणि त्या खरखरीतून असा आवाज फुटला की मला हेडफोन थोडा वर उचलावा लागला.

"अवं ए बुढे! भैताड झाली का वं तू! कोन्या रांडच्यानं सांगतलं तुले मी मेलो म्हणून? नाव सांग त्याचं! आल्यावर त्याचे दातं पाडतो! आन तू उपाशी मरून राहिली तथी? मी का तुह्या तेरवीले येऊ का वं, भवाने?"

त्यापुढचं मी इथं लिहीत नाही.

म्हातारी ताठ उभी राहिली. दोन्ही हातांनी तिनं रिसीव्हर धरला होता. कॉलची वेळ संपत आली. मी मागं वळून भागवतबाईंकडे पाहिलं. त्या चष्मा काढून पदरानं पुसत होत्या. पुसता पुसताच त्यांनी हातानं खूण केली, राहू दे.

बूथचं दार उघडलं. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती तोंडभर हसत होती.

"हाच होय! हाच होय वं बाई माह्या नामा! लाइन नोको तोडू... अजून दोन देऊ दे त्याले!"