फराहबागेतलं पाणी

मंडळी, औरंगाबादला जाताना आज नगरला उतरले. पुढच्या गाडीला वेळ होता, म्हणून रमतगमत फराहबागेत गेले. आता सायबर कॅफेत बसून लिहितेय.

जुन्या महालाभोवतीचा तलाव केव्हाच आटलाय. त्यात पिवळं गवत डुलत होतं. काठावर काष्टीहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं, त्यांच्याशेजारी मीही टेकले. आजोबांना दिसत नव्हतं. आजी त्यांना सांगत होत्या, "लई पानी हाय बगा. महाल पान्यात हालतोय."

त्या इतक्या रंगून सांगत होत्या की मलाही महाल तरंगताना दिसू लागला.

आजी चहा आणायला गेल्या, तशी आजोबांनी हळूच विचारलं, "बाई, तळं कोरडं हाय ना? पान्याचा वास न्हाई."

मी "हो" म्हणाले.

"तिला सांगू नका. लग्नापासून हिला हितं आनायचं म्हनत हुतो. आज लई खुशीत हाय ती."

आजी परतल्या. चहा घेता घेता आजोबा म्हणाले, "अगं, एखादी नाव हाय का?"

आजींनी गवताकडे पाहिलं. "हाय की. दोघांपुरती."

माझी गाडी सुटली. तुम्हाला तरी उठवलं असतं का हो तिथून?