बोट वळवायची की नाही

दोन वर्षांपूर्वी वणीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेची चिठ्ठी मी उचलली. विषय होता, समुद्रमार्गे येणाऱ्या निर्वासितांना सरकारनं रोखावं. माझी बाजू अनुकूल. मारेगावकडच्या आमच्या खेड्यातून अजून कोणी राज्याच्या फेरीला गेलं नव्हतं आणि मला जायचंच होतं. समुद्र मी पाहिलेला नव्हता, पण त्यानं काय बिघडतं? आमच्याकडे भाषण सर लिहून देतात, आपण फक्त पाठ करायचं.

सरांनी झकास लिहिलं होतं. बोटी भरसमुद्रातून मागे वळवा, तरी आलेच तर दूरच्या बेटावर ठेवा, आश्रय कधीच देऊ नका. मग यायची कोणाची हिंमत होणार नाही. रविवारी आईबरोबर कापूस वेचताना मी ते मोठ्यानं म्हणत होते. शेजारच्या ओळीतल्या बाया हसत होत्या.

आई हसली नाही. "बोट वापस केली तं ते लोकं जातीन कुठं?"

"ते भाषणात नाही, आई."

"मंग कायले बोलून राह्यली?"

मला राग आला, तिचा नव्हे, माझाच. पाठ करताना मलाही ते खटकलं होतं आणि मी मुकाट्यानं पुढचं वाक्य घोकलं होतं. मग आठवडाभर वाचलं. वळवलेल्या काही बोटी कुठेच पोचत नाहीत, हे कळल्यावर जेवण गोड लागेना. मी भाषण नव्यानं लिहिलं: आधी माणसं वाचवा, त्यांचं म्हणणं लवकर ऐका, ज्यांना परत गेल्यानं धोका नाही त्यांना सुखरूप पाठवा, आणि बोटीत बसायची पाळीच येऊ नये म्हणून अर्जाची सरळ वाट उघडा.

सर भडकले. "हे विरुद्ध बाजूचं झालं! नंबर जाईल."

"रोखाच म्हणते ना सर मी. बुडवा नाही म्हणत."

यवतमाळला जिल्ह्याच्या फेरीत मी तेच भाषण केलं. शेवटी परीक्षकांनी अडवलं, "समजा, बोट किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. वळवायची की नाही? एका शब्दात सांगा."

पहिल्या रांगेत सर जोरजोरात मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण.

"नाही," मी म्हणाले.

राज्याच्या फेरीला दुसऱ्या कॉलेजची मुलगी गेली. परतीच्या बसमध्ये मी वणीपर्यंत रडले, पण तो शब्द मागे घ्यावा असं एकदाही वाटलं नाही.