दत्तूकाकांचे दोन आवाज

आमचे दत्तूकाका सातपूरच्या एका कारखान्यात फोरमन आहेत. माणूस सटाण्याचा, त्यामुळे मराठीत सुरू झालेलं वाक्य अहिराणीत कधी घसरेल, नेम नाही. "राजू, काय करी ऱ्हायना रे? मशीन तुना सासरानं शे का?" ही गर्जना झाली की राजूच काय, शेजारच्या कारखान्यातला माणूससुद्धा कामाला लागतो.

पण मीनाजवळ पोचेपर्यंत याच गळ्यात कोण साय ओततं देव जाणे! "मीना बेटाऽऽ, दमली का गं? बस हां जराऽऽ." ताप आलेल्या बाळाला औषध पाजतात ना, अगदी तस्सं. मीना सुरगाण्याची, मशीन चालवणारी पक्की कामगार. ती कसली बेटा? तिचा स्वतःचा बेटा बालवाडीत जातो!

खंडेनवमीला कारखान्यात सगळे घरच्यांना घेऊन येतात. प्रत्येक जण आपापल्या मशीनला कुंकू लावून नारळ फोडतो, मग सगळ्यांना भेळ. नवं मशीन आलं असेल, तर काका ज्याच्या हाती नारळ देतील, त्याचं ते मशीन. यंदा एक भलंमोठं आलं होतं. झेंडू ओवता ओवता मीना आमच्या काकूला म्हणाली होती, "काकू, मला तेच पायजे. झोपेत पण तेच दिसतंय."

काका गरजले, "राजू! ये, नारय फोड!"

मीना पुढे झाली. "भाऊ, मला का नाय?"

लगेच साय. "बेटाऽऽ, रात्रपाळी असते त्याला. लेकरू लहान तुझं. तुझ्याच भल्यासाठी गं."

"लेकरू माझी आई सांभाळते. तुम्ही विचारलंच नाय. आणि राजूचं तर अजून पाळण्यात हाय!"

सगळ्यांच्या माना राजूकडे. राजू नारळ पोटाशी धरून उभा. "मला तरी कुठं विचारलं, भाऊ? बायको म्हणते, रात्रपाळी घेतलीस तर घरी येऊच नको."

हशा! मीना म्हणाली, "भाऊ, माझ्याशी बोलताना तुमचा आवाजच बदलतो."

"काय बदलस? मी बठ्ठासंगे, सगळ्यांसंगे सारखंच बोलस!"

"मग बोला," काकू म्हणाली. "दोघांना एकच वाक्य."

"राजू, नारय फोड!" पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग काकांनी छाती फुगवली, मीनाकडे वळले आणि... "मीना बेटाऽऽ, नारळ... सांभाळून हां, हाताला लागेल."

लोक खाली बसून हसायला लागले. पुन्हा प्रयत्न. "मीना!" वा! टाळ्या! "...बेटा." तिसऱ्यांदा त्यांनी ओठ घट्ट मिटले, तर 'बेटा' नाकातून आलं.

काका स्वतःच खो खो हसले. मग खोक्यावर बसले. "च्यामारी, हे आपोआपच निघतंय की!"

"आपोआपच निघतं," मीना म्हणाली. "म्हणून तर तुमच्यावर राग धरता येत नाय. आणि मशीनही मिळत नाय."

काकांनी विचारलं, "मग राजूवर ओरडतो तसं ओरडू?"

"माझ्यावर तरी कशाला ओरडता?" राजूने संधी साधली.

"नाव घ्या, काम सांगा," मीना म्हणाली. "बास."

काका उठले. शर्ट ओढून ताठ उभे राहिले. तोंडातून आवाज निघाला तो थेट एसटी स्टँडवरच्या भोंग्याचा. "मीना. नव्या मशीनचा नारळ. आपण. फोडावा."

मीनाने राजूच्या हातातून नारळ घेतला आणि आपटला. पाणी काकांच्या नव्या शर्टावर. तिचं लक्ष कुठे होतं? ती मशीनला कुंकू लावत होती, गालातल्या गालात हसत.

काका ओल्या शर्टानेच राजूकडे वळले. "आन् राजू, तुले काय पाहिजे रे?"

राजू पार गडबडला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. बराच वेळ डोकं खाजवून तो म्हणाला, "मला? मला... आधी भेळ द्या. मग विचार करून सांगतो."