पुंगळीचं मापटं

आमच्या जर्मनीतल्या घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, एका लोखंडी कपाटात माझ्या बायकोची बंदुकीची दारू होती. बायको वारली आणि तिचा परवानाही संपला. आम्टमधल्या, म्हणजे सरकारी कचेरीतल्या, बाईंनी फोनवर सांगितलं, की दारू हलवायची नाही, फेकायची नाही. परवाना असलेलं कुणीतरी येऊन घेऊन जाईल. तोवर ते कपाट एकटं टाकून मला कुठे जाता येईना. पुण्याहून बहीण म्हणायची, "अरे दादा, ये ना इकडे. काय बसलायस त्या थंडीत?" मी म्हणायचो, बघतो.

एर्लांगेनजवळच्या एका फेराइनमध्ये, नेमबाजांच्या मंडळात, बायको शनिवारी जायची. काडतुसं घरीच भरायची. मी पुस्तकातला माणूस, मला बंदुकीचा आवाजही सोसत नाही. पण दारू मोजायची मापटी मी करून द्यायचो. विकतची ठरावीक आकारांची असतात आणि तिला हवं ते नेमकं दोहोंच्या मधलं असायचं. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी कापायची, तिला तारेची दांडी जोडायची आणि कड कानशीने हळूहळू उतरवायची. दारूला मी हात लावायचा नाही, हा नियम. म्हणून मी वर टेबलाशी घासायचो, ती खाली दारू भरून तोलायची आणि जिन्यातून ओरडायची, "अजून!" जरा जास्त घासलं गेलं की पुंगळी वाया.

एकदा तिच्या खेपा वाचाव्यात म्हणून मी स्वयंपाकघरातला बारीक रवा तोलून मापटं परस्पर पुरं केलं. तिने त्यात दारू भरून तोलली आणि वर आली.

"अहो, बंदुकीत शिरा करायचाय का?"

सारख्याच मापात रवा आणि दारू वेगळ्या वजनाची भरतात, हे डॉक्टरेट केलेल्या माणसाला कळू नये, असं ती पुढे येईल त्या पाहुण्याला सांगत होती.

शेवटचं मापटं दवाखान्यामुळे अर्धं राहिलं.

फेराइनमधले एक निवृत्त गृहस्थ दारू न्यायला आले. कपाटाची किल्ली तिने दवाखान्यात जाण्याआधीच त्यांच्याकडे दिली होती. मला हे त्या दिवशी कळलं. ते डबे बाहेर काढू लागले तेव्हा मी ते अर्धं मापटं पुढे केलं.

"एवढं तोलून द्याल? तिला हवं ते वजन दांडीच्या चिठ्ठीवर आहे. दारू गेली की मग कधीच होणार नाही."

त्यांनी तिचाच तराजू मांडला. मापटं भरून वरची दारू खेळातल्या पत्त्याच्या कडेने सपाट केली, तोलली. "किंचित जास्त आहे. कानस हलकेच एकदा फिरवा, की गेनाऊ, अगदी नेमकं. मी थांबतो."

मी वर टेबलाशी आलो. कानस कडेला लावली. एकदा फिरवली असती तर तिने सांगितलेलं शेवटचं काम संपलं असतं. हात हलेना.

"जमलं का?" खालून त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही घेऊन जा."

जाताना त्यांनी माझा हात दाबला. "चला, आता तुम्ही मोकळे झालात."

संध्याकाळी बहिणीने विचारलं, "गेलं ना ते सगळं? मग तिकीट कधीचं काढू?"

मापटं समोर टेबलावर होतं. मी तिला म्हटलं, एवढ्यात नाही जमायचं.