गढीतली राख

राखेच्या थराखाली सोडावॉटरच्या बाटलीतली काचेची गोटी सापडली, तेव्हा मी उत्खननाच्या खड्ड्याच्या काठावर खुर्चीत बसून चहा पीत होते. खुर्ची मला मानाने दिली होती. गावाबाहेरच्या त्या पडक्या गढीचा इतिहास मीच तर लिहिला होता.

गढी म्हणजे आता चार ढासळलेले बुरूज आणि मधे पांढऱ्या मातीचा उंचवटा. कधीकाळी एका वतनदाराचं ते राहतं घर. मी गारगोटीकडची. तीस वर्षांपूर्वी इथल्या शाळेत बदली होऊन आले आणि इथलीच झाले. आल्या वर्षीच चौथीच्या मुलांना घेऊन गढी बघायला गेले, तर रस्त्यासाठी माती काढताना कापलेल्या कडेत मला हातभर जाडीचा काळा थर दिसला. त्याखाली भाजून लालभडक झालेली माती. माझ्या अंगावर काटा आला. गढीचं दार कुणीतरी आतून उघडलं आणि गढी एका रात्रीत पडली, असं गावात सांगत होतेच. आता मला पुरावा मिळाला होता. गढी शत्रूने जाळली होती!

मी पुस्तिका लिहिली. गढीच्या दाराची राखण पिढ्यानपिढ्या ज्या घराकडे होती, ते घर गावात अजून नांदत होतं. दार त्या राखणदारानेच उघडलं असणार, दुसरं कोण उघडणार, असा मी अंदाज केला आणि अंदाज हा शब्द न वापरता तसंच छापून टाकलं. गावाने पुस्तिका डोक्यावर घेतली. माझ्या हातचा नारळ फुटल्याशिवाय मग कुठला कार्यक्रम होईना.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी गढीच्या लढाईचं नाटुकलं बसवलं. फितुराचं काम कुणी घेईना. मग पोरं ओरडली, "बाई, हिच्याच घरातला हाय त्यो, हिलाच द्या की!" ती त्या राखणदाराच्या घरातली मुलगी. पाढ्यांत साऱ्या वर्गाच्या पुढे. मी काम तिलाच दिलं. तिच्या तोंडाला तव्याची काजळी फासली. लोक पोट धरून हसले आणि खोटं कशाला सांगू, मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. मी दोनदा निरोप धाडला, मग माझ्याही डोक्यातून गेलं. तिची आई मात्र माझ्याकडे रोज दूध घालत राहिली, आजही घालते. मुलगी जयसिंगपूरला कापडाच्या दुकानात असते, गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालते, एवढं मला त्या दुधाबरोबर कळत आलेलं.

तर ती गोटी. उत्खननाला आलेली संशोधक मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. तिने गोटी कुंच्याने साफ करून माझ्या तळहातावर ठेवली. "मॅडम, ही राखेच्या खाली होती. म्हणजे राख हिच्यानंतर पडलीय. वतनदाराच्या काळात सोडावॉटर कुठलं?"

मला राग आला. आधी त्या मुलीचा, मग गोटीचा. उंदराने बीळ केलं असेल, त्यातून गेली असेल, असं मी म्हणाले. तिने शांतपणे मला खाली उतरवलं आणि दाखवलं. लाल मातीचा गोल खोलगट खड्डा, एका बाजूला जळण सारायचं तोंड, राखेत उसाच्या चिपाडाचे जळके तुकडे. बुरुजांच्या भिंतींना मात्र कुठेही धग लागल्याची खूण नव्हती. गढी कुणी जाळलीच नव्हती. माणसं सोडून गेली आणि पावसाने ती बसत गेली, असं तिचं म्हणणं.

बाजूच्या बांधावर एक म्हातारा म्हशी चारत उभा होता. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "त्येला काय बघायचं? गुऱ्हाळाचं चुलवाण हाय त्ये. हितं गुऱ्हाळ व्हतं की, आमी काकवी प्यायला येत हुतो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"तुमी इचारलंसा कुठं? शिकल्याली मानसं तुमी. म्हटलं, त्येच्याबी खाली काय तरी असंल."

राख गुळाची होती. जाळपोळ नव्हती, तर दार उघडायचा प्रश्नच कुठे होता? फितूर कोण? मी कुणाच्या तोंडाला काजळी फासली होती?

घरी न जाता मी तशीच दूधवाल्या बाईंकडे गेले. त्या गोठ्यात म्हशीला पेंड घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गोटी, चुलवाण, माझी चूक. मला वाटलं, त्या रडतील, नाही तर मला चार शिव्या घालतील. शिव्या मी ऐकून घेतल्या असत्या.

त्यांनी पेंडेचे हात पदराला पुसले. "ठावं हाय की. माझी सासू त्या चुलवाणात जाळ घालायची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. तुमचं पुस्तक निघालं त्याच साली सासूला घिऊन तुमच्या दारात आलतो. ही राख आमच्या हातची हाय म्हणून सांगिटलं. सासूनं भाजल्याला हात दाखवला तुमास्नी, हितनं कोपरापतूर. तुमी म्हणालासा, ह्यो पुरावा न्हवं. कागद असंल तर आणा."

मला काही आठवत नाही. खरंच आठवत नाही. दोन बायका माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या, एकीने भाजलेला हात पुढे केला, आणि माझ्या डोक्यात त्याचा मागमूस नाही. पण ते वाक्य माझंच. वर्गात मुलांना मी तेच सांगायचे, ह्याच आवाजात. एका आईला खोटं पाडून मी आत जाऊन निवांत जेवले असणार.

"तरीही इतकी वर्षं मला दूध घातलंत?"

"दुधाचं काय? दूध तुमच्या लेकरास्नी हुतं," त्या म्हणाल्या. मग कनवटीचा मोबाइल काढून त्यांनी नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "मला सांगू नगासा. पोरीला सांगा."

पलीकडे दुकानातला गलका ऐकू आला. कुणीतरी काठ मोठा दाखवा म्हणत होतं. मग तिचा आवाज, "काय गं आई?"

मी म्हणाले, "मी बाई बोलतेय. चौथीच्या."

पलीकडे स्टूल खरकन मागे सरकलं. चाळिशीची ती बाई, वर्गात उभं राहावं तशी, भर दुकानात उभी राहिली होती.

"जी बाई," ती म्हणाली.

खाली बस, एवढंही मला म्हणता येईना. मीच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले आणि गोटीपासून सांगायला लागले.