मी फक्त फोटो पाहिला

ती घटना मी विसरलेलो नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही. निवृत्तीला आठ महिने उरले होते. अक्कलकुव्याच्या रस्त्यावर, बाजाराच्या गावातलं आमचं ठाणं. अंगणात कडुलिंब, त्याखाली जप्त केलेल्या मोटारसायकली, आणि हिवाळा लागला की मिरचीच्या ट्रकांमुळे सगळ्या ठाण्याला शिंका. सकाळची हजेरी शिंकत शिंकतच व्हायची. आज त्या शिंकांचीसुद्धा आठवण येते, काय सांगू!

खबर दिली आमच्या नेहमीच्या खबऱ्यानं. बाजारात एक सेवा केंद्र होतं. दाखले, ऑनलाइन अर्ज, आधारचा अंगठा, सगळं तिथं व्हायचं. चालवणारी तिशीची बाई, सपाटीवरच्या शेतकरी घरातली. नाव लिहीत नाही, केंद्रवाली ताई म्हणतो. "साहेब, ती बाई जातीचे बोगस दाखले काढते," खबऱ्या म्हणाला.

चौकशी केली तर तिच्या लॉगिनवरून खोटी कागदपत्रं जोडून आदिवासी असल्याचे सात दाखले निघालेले. त्या सात जणांपैकी एकानंही कधी सातपुडा पाहिलेला नसेल. माझं डोकं फिरलं. डोंगरातली पोरं आश्रमशाळेत राहून शिकतात आणि त्यांच्या हक्काच्या जागा असे भामटे खातात. पंचनामा करून केंद्राला सील ठोकलं, कॉम्प्युटर मुद्देमालात घेतलं आणि महिला शिपाई पाठवून बाईंना ठाण्यात बोलावलं.

तो बाजाराचा दिवस होता. फाटकाशी एक म्हातारा उकिडवा बसला होता. नर्मदाकाठच्या मणिबेलीकडून होडीनं आणि मग जीपनं आलेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. त्याची बोली येणारी आणि न खेकसता अर्ज भरून देणारी बाजारात ही केंद्रवाली ताई एकच. येणाऱ्या-जाणाऱ्या शिपायाला तो एवढंच विचारायचा, "बाई कधी येईल?"

चौकशी मी स्वतः केली. माझी एक जुनी पद्धत होती. माणसाला हकिगत आधी सुलटी सांगायला लावायची, मग शेवटाकडून उलटी. रचलेली गोष्ट उलटी सांगता येत नाही, हा तीस वर्षांचा अनुभव.

"उलटं सांगू? सांगस ना," ती म्हणाली आणि कुठंही न अडखळता तिनं सांगितलं. एका माणसाचा फोन आला होता. दाखल्यासाठी फोटो मेल केलाय, चालेल का बघा, म्हणाला. तिनं उघडला. वरचा अर्धा फोटो दिसला, खालचा करडा, आणि ब्राउझर आपोआप बंद झाला. परत फोन लावला तर नंबर बंद. ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या कामाला लागली.

"आणि एवढ्यानं तुझं लॉगिन चोरीला गेलं?"

"ते माले माहीत नही. मी काहीच करं नही, साहेब. मी फक्त फोटो दखा."

तिच्या कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवलेली होती, 'अपडेट करू नये'. ती का, असं विचारलं.

"एकदाव अपडेट करं नी अंगठानं मशीन बंद पडनं. दोन दिन लोके डोंगरवरथून उतरीसन तसाच परत गयात. मंग मी ते बंदच करी टाकं."

माझा हवालदार तोंडावर रुमाल धरून हसत होता. मलाही चेव चढला. म्हटलं, ठीक आहे, आत्ता दूध का दूध करू. ठाण्याच्या कॉम्प्युटरवर तिला तिचा मेल उघडायला लावला आणि त्या फोटोवर मी माझ्या हातानं क्लिक केलं. वरचा अर्धा फोटो, खालचा करडा, आणि ब्राउझर बंद.

"बघ! काय झालं? काही नाही. जुनं कॉम्प्युटर आहे, होतं असं," मी म्हणालो. हवालदार मोठ्यानं हसला. सूर्य मावळायच्या आत ताईला घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी अकराला हजर राहायची नोटीस दिली. अटकेचे कागद मी तयार करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेत असतानाच जिल्ह्याच्या सायबर सेलमधून फोन आला. तिथली उपनिरीक्षक, माझ्या मुलीच्या वयाची. "सर, आमच्याकडे इशारा आलाय, तुमच्या लॉगिनवरून आत्ता पाच मिनिटांपूर्वी चारित्र्य पडताळणीचे दोन अर्ज मंजूर झालेत. तुम्ही केलेत का?" मी तर कडुलिंबाखाली उभा होतो, समोर अख्खं ठाणं रांगेत.

दहापर्यंत ती उपनिरीक्षक येऊन पोचली. माझ्या टेबलापलीकडे बसली, वही उघडली आणि शांतपणे विचारलं, "सर, काल या कॉम्प्युटरवर वेगळं काय केलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "मी फक्त फोटो पाहिला."

हवालदार फरशीकडे बघत राहिला.

तिनं मला समजेल असं सांगितलं. फोटो दाखवायचा तर ब्राउझरला आधी ती फाइल उलगडावी लागते. त्या उलगडण्याच्या कामात एक चूक राहून गेली होती. या फोटोत मुद्दाम वेडीवाकडी माहिती भरलेली. ब्राउझर तिथं गडबडतो आणि फोटोत दडवलेल्या सूचना पाळायला लागतो, मग पासवर्ड, लॉगिन, सगळं परक्याच्या हातात. दुसरं काही दाबायची गरजच नाही. "याची दुरुस्ती कधीच आली होती, सर. ज्यांनी अपडेट केलं नाही तेच सापडले." आमच्या कॉम्प्युटरवरही चिठ्ठी होती. अपडेट केलं की आमचं प्रिंटर रुसायचं.

ती गेल्यावर हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, डायरीमा कशाले लिखतस? कॉम्प्युटर बिघडनं म्हना, संपनं."

खोटं कशाला सांगू, मोह झाला. आठ महिन्यांवर निवृत्ती आणि वर खात्याची चौकशी, कुणाला हवी? पण नुसता फोटो पाहून लॉगिन जातं, याचा धडधडीत पुरावा मीच होतो. मी गप्प बसलो असतो तर ती बाई आरोपीच राहिली असती. स्टेशन डायरीत वेळेसह नोंद केली. माझा जबाब मी स्वतः लिहून दिला. अटकेचे कागद तिच्यासमोरच फाडले. कारणे दाखवा नोटीस आली, तिचंही उत्तर दिलं.

गुन्हा पुढं उलगडला तो त्या दोन मंजूर अर्जांमुळे. ज्यांच्या नावाचे ते अर्ज होते त्यांना उचललं, त्यांनी दलाल दाखवला, दलालानं शेजारच्या राज्यातली खोली दाखवली. ते सात दाखले रद्द झाले. केंद्राचं सील मी स्वतः काढलं. पण तिची माफी काही मागितली नाही. वर्दी आड आली, दुसरं काय!

आता दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो. नंदुरबारात घराजवळ दोन केंद्रं आहेत, तरी मी एसटीनं तिच्याकडेच जातो. बाहेरच्या बाकावर डोंगरातल्या लोकांत बसतो. रस्त्यावरून मिरचीचा ट्रक गेला की सगळे मिळून शिंकतो. बरं वाटतं.

पहिल्या वर्षी माझा अंगठा काही केल्या लागेना. म्हातारपणी रेषा पुसट होतात. तिनं कापडानं माझं बोट पुसलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल दिवा. मी ओशाळलो, म्हणालो, "राहू द्या ताई, उद्या येतो."

"बसा साहेब, घाई नही," ती म्हणाली. "तुम्ही जित्ता शेतस ते माले दिखस ना! फक्त मशीनले पटाडनं पडस."

मला भरून आलं. तिथंच, सगळ्यांदेखत मी तिची माफी मागितली. तिला वाटलं, मी त्या सीलबद्दल बोलतोय. "जाऊ द्या साहेब, तुमनं कामच ते," म्हणाली आणि माझा अंगठा पुन्हा मशीनवर दाबून धरला.

तीस वर्षांत चोर ओळखायला मी शिकलो होतो, पण खऱ्या माणसाला खरं म्हणायला या प्रकरणानं शिकवलं. ते मी तिला नीट सांगू शकलो नाही, म्हणून इथं लिहितो. माफी सीलबद्दल नव्हती. त्या दिवशी तिनं हकिगत उलटी सांगितली, कुठंही अडखळली नाही, तेव्हाच ती खरं बोलतेय हे मला कळलं होतं.